पारेहाचे प्रश्न

फ्लोरिडातील तिमुकुआ लोकांत धर्मप्रसार करणाऱ्या फ्रान्सिस्को पारेहा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १६१३ साली मेक्सिकोत छापविलेला पापनिवेदनाचा ग्रंथ स्पॅनिश व तिमुकुआ अशा दोन्ही भाषांत आहे. घुबडाचा घूत्कार अशुभ मानलास काय, असे प्रश्न पाद्र्याने विचारावयाचे. उत्तर देणाऱ्याच्या मनाची दखल ग्रंथकर्ता घेत नाही. हा एकतर्फीपणा आम्हांस खटकतो. तथापि अलीकडे संशोधकांनी दोन्ही पाठ ताडून पाहिले, तेव्हा तिमुकुआ पाठ जागोजाग निराळा आढळला. त्यात त्या लोकांचाच हात असावा, असे त्यांचे मत आहे. जे आचार निपटून काढावयाचे, त्यांचाच हा ग्रंथ आज साक्षीदार होऊन बसला आहे! ती भाषा बोलणारे आता कोणी उरले नाही. म्हणून पाद्र्याचे प्रश्न वाचताना वाचकांनी त्यांमागील दुसरा आवाजही ऐकावा, असे आम्हांस वाटते.