आयर्लंडविषयक उपहासचित्रांची साक्ष

जुनें पत्र हातीं आलें म्हणजे शाई, वळण, मिति, मायना हीं सर्व आम्ही पारखून घेतों. छापील चित्र मात्र 'तत्कालीन' एवढ्याच गुणावर दप्तरांत ठेवितों. हा भेद अयुक्त होय, असें एका स्नेह्यांच्या संग्रहांतील आयर्लंडविषयक उपहासचित्रें चाळतांना आम्हांस वाटलें.

ता. ६ मे १८८२ रोजीं डब्लिनच्या फीनिक्स पार्कांत लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश व टॉमस हेन्री बर्क या अधिकाऱ्यांचा सुऱ्यांनीं खून झाला. दोनच आठवड्यांनीं लंडनच्या 'पंच'मध्यें जॉन टेनिएल याचें 'आयरिश फ्रँकेन्स्टाइन' निघालें. रक्त ठिबकणारा सुरा घेतलेला मुखवटेधारी राक्षस, आणि मागें भयानें दबलेला आयरिश पुढारी पार्नेल. (कादंबरींत फ्रँकेन्स्टाइन हें राक्षसाच्या कर्त्याचें नांव आहे, राक्षसाचें नव्हे.) रेखन उत्तम, टेनिएल लांकडी ठोकळ्यावर चित्र काढी व तें खोदणारे कारागीर निराळे असत, तरी त्या देहाचा भार कोठें उणावलेला नाहीं. पण चित्राचा आरोप खरा काय? पार्नेलनें तर या खुनांचा जाहीर निषेध केला होता.

हाच आरोप पुढें कागदावर आला. १८ एप्रिल १८८७ च्या 'टाइम्स'नें पार्नेलच्या सहीचें पत्र प्रतिकृतीसह छापिलें. त्यांत बर्कच्या खुनाचें समर्थन होतें. १८८९ च्या फेब्रुवारींत चौकशी-मंडळापुढें सर चार्ल्स रसेल यांनीं रिचर्ड पिगट याजकडून कांहीं शब्द लिहवून घेतले, आणि जाली पत्रांपैकीं एकांत होता तोच अक्षरदोष त्याच्या हातून उमटला. पिगट पळाला व माद्रिद येथें त्यानें आत्मघात केला. पत्र असें उलटतपासणींत फुटलें. चित्रास कोणीं पिंजऱ्यांत उभें केलें नाहीं.

टेनिएलचेंच १८८१ मधील 'दोन शक्ति' पाहावें. दगड उगारलेला वानरमुखी दांडगा, रडणारी हायबर्निया, आणि तिला आश्रय देणारी खड्गधारिणी ब्रिटानिया. कायदा येथें देवता झाला आहे. आयरिश कुळास प्रत्यक्ष भेटे तो बंदूकधारी शिपाई चित्रांत नाहींच. १८३६ पासून १९२२ पर्यंत नांदलेलें हें सशस्त्र पोलीसदळ, आणि ता. ९ सप्टेंबर १८८७ रोजीं मिचेल्सटाउनच्या सभेंत त्याच्या गोळीबारानें पडलेले तिघे, हीं 'पंच'च्या देवतेच्या पदराआड शोधावीं लागतात.

उत्तरपक्ष डब्लिनच्या 'वीकली फ्रीमन'च्या रंगीत शिलाछाप पुरवण्यांत आहे. जॉन फर्गस ओहे याचा हात टेनिएलहून कच्चा, रंग भडक. तेथें शेतकरी देखणा, एरिन कुलीन, आणि कुरूपता सारी सरकारपक्षाकडे. गुरांचे अवयव तोडणारे, रात्रीं धमकीचीं पत्रें टाकणारे त्या देखण्या शेतकऱ्यांत कोठें दिसत नाहींत. एल्. पेरी कर्टिस यांनीं १९७१ च्या ग्रंथांत वानरमुखांची चिकित्सा केली आहे. देखण्या मुखांचीही तितकीच निष्ठुर चिकित्सा व्हावयास पाहिजे.

स्नेह्यांच्या संग्रहांतील 'फ्रँकेन्स्टाइन' चौकटीच्या रेषेवर कातरलेलें आहे. वरची तारीख गेली, मागचें पान डिंकानें पुठ्ठ्यास चिकटलें. आम्हीं तें अंक उघडून ताडलें तेव्हां २० मे ही तारीख लागली.