शॉप अराउंड द कॉर्नर, द

एकाच दुकानात नोकरी करणाऱ्या आणि परस्परांना पाण्यात पाहणाऱ्या दोन विक्रेत्यांची प्रेमकथा सांगणारा अभिजात अमेरिकन चित्रपट (१९४०). निर्माता व दिग्दर्शक एर्न्स्ट लूबिच (१८९२–१९४७). हंगेरियन नाटककार मिक्लोश लासलो याच्या १९३७ मधील नाटकावरून सॅम्सन राफेल्सन याने पटकथा लिहिली. निर्मितिसंस्था मेट्रो-गोल्डविन-मेयर. प्रमुख भूमिका : जेम्स स्ट्यूअर्ट, मार्गारेट सुलव्हन व फ्रँक मॉर्गन. मूळ नाटकातील अत्तराच्या दुकानाऐवजी येथे चामड्याच्या वस्तूंचे दुकान आहे. स्थळ मात्र बूडापेस्ट हेच आहे.

मातुशेक याच्या दुकानातील ज्येष्ठ विक्रेता आल्फ्रेड क्रालिक एका अनोळखी स्त्रीशी निनावी पत्रव्यवहार करीत असतो. दुकानात नव्याने आलेल्या क्लारा नोवाक हिच्याशी त्याचे पहिल्या दिवसापासून पटत नाही. पत्रांतील ती स्त्री म्हणजे क्लाराच, हे त्याला भेटीच्या ठरलेल्या रात्री उपाहारगृहाच्या खिडकीतून कळते; ती मात्र अखेरपर्यंत अनभिज्ञ राहते. नाताळच्या पूर्वसंध्येला, दुकान बंद झाल्यावर, हे रहस्य उलगडते.

या विषयावरील बहुतेक सुखात्मिकांत भांडण हे प्रेमाचेच वेषांतर असते. येथे भांडणामागे पोटाचा प्रश्न आहे. क्लारा काम मागायला येते, तेव्हा क्रालिक जागा नसल्याचे सांगतो. उघडताच संगीत वाजणारी सिगारेटची पेटी त्याने टाकाऊ ठरविलेली असते. मालकाला ती पसंत असते. क्लारा तीच पेटी मिठाईची म्हणून एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारते आणि नोकरी मिळविते. तिच्या या यशात त्याचा पराभव असतो. वृद्ध सहकारी पिरोविच हा मालकाने ‘प्रामाणिक मत’ विचारताच पळ काढतो. ही हास्यास्पद लकब संसारी माणसाची सावधगिरी आहे. पत्नीविषयीच्या संशयामुळे मातुशेक क्रालिकला बडतर्फ करतो आणि खरा दोषी वादास असल्याचे कळताच आत्महत्येचा प्रयत्न करतो. हा प्रसंग विनोदाशी विसंगत वाटत नाही, कारण पगार, मर्जी व एकाकीपणा यांचे सावट कथेवर आरंभापासूनच आहे.

पत्रांत दोघेही उदात्त भाषा वापरतात. गल्ल्यापाशी त्यांना हुकूम झेलावे लागतात. कागदावरील माणूस खरा की काउंटरमागचा, असा सोपा प्रश्न लूबिच विचारीत नाही. क्रालिकला आपल्या आदर्श स्त्रीचे फटकळ बोलणेही स्वीकारावे लागते. उपाहारगृहात ती त्याला क्षुद्र कारकून म्हणून हिणवते, तेव्हा सत्य त्याला ठाऊक असल्यामुळेच तो घाव अधिक खोल जातो. ‘लूबिच-स्पर्श’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सूचकतेचा उत्तम नमुना टपालपेटीच्या दृश्यात दिसतो : रिकाम्या कप्प्यात चाचपडणारा हातमोज्यातील हात व त्यामागे क्लाराचा उतरलेला चेहरा. या दृश्यास संवादाची गरज भासत नाही.

चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. उत्तरार्धात क्रालिक व्यवस्थापक होतो. अधिकार आणि रहस्य ही दोन्ही एकाच्याच हाती येतात. पत्रमित्र लठ्ठ, टकला व बेकार असल्याचे सांगून तो क्लाराला छळतो. तेथे प्रेक्षकाचे हसू तिच्याच जिवावर फुलते. शेवटी ती त्याला पॅन्ट वर करून पाय दाखवायला लावते. ही परीक्षा या विषमतेची अल्पशीच भरपाई करते.

या कथेवर इन द गुड ओल्ड समरटाइम (१९४९) हा संगीतप्रधान चित्रपट, शी लव्ह्ज मी (१९६३) ही संगीतिका आणि यूव्ह गॉट मेल (१९९८) हा चित्रपट आधारलेला आहे. शेवटच्या चित्रपटात पत्रांची जागा ई-मेलने घेतली व सहकारी हे स्पर्धक दुकानदार झाले. तेथे नायकाच्या मोठ्या दुकानामुळे नायिकेचे छोटे दुकान बंद पडते आणि तरीही प्रेम जुळते. त्यामुळे उपजीविकेचा प्रश्न अनुत्तरित राहतो. लूबिचच्या चित्रपटात दुकान तगते, विक्रीचा उच्चांक होतो आणि प्रेमिकांची नोकरीही टिकते. त्याच्या सुखान्ताला म्हणूनच दिलाशाइतकाच व्यवहाराचाही आधार आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश करण्यात आला.