‘ती’ला कुणीच विचारलं नाही

वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑफिस ज्या इमारतीत आहे, तिच्या जागी पूर्वी कारखाना होता. आता तिथे आम्ही ॲप बनवतो. मागच्या महिन्यात मार्केटिंगकडून एक काम आलं. युजरने अर्धवट वाक्य पूर्ण करायचं, त्यात ओळखीच्या कुणाचं तरी नाव टाकायचं, मग छानसं कार्ड तयार होणार आणि ते व्हॉट्सॲपवर फिरणार. मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, “म्हणजे ‘ती सध्या काय करते’ टाइप ना?” सगळे हसले. कुणालाच पुढे समजावावं लागलं नाही. गंमत म्हणजे टीममधल्या दोघांनी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता. त्यांना फक्त त्याची जाहिरात आठवत होती.

‘ती सध्या काय करते’ ६ जानेवारी २०१७ ला आला. दिग्दर्शक सतीश राजवाडे, मागे झी स्टुडिओज. गायिका आर्या आंबेकरचा अभिनेत्री म्हणून हा पहिला सिनेमा. तिच्यासमोर अभिनय बेर्डे, त्याचाही पहिलाच. मोठेपणीच्या भूमिकांत अंकुश चौधरी आणि तेजश्री प्रधान. दोन नवे चेहरे विकायचे म्हणजे खरं तर जोखीम. पण प्रसिद्धीने त्यांना नवे म्हणून विकलंच नाही. अभिनयमध्ये आपण लक्ष्याला शोधत होतो. आणि आर्या? ती तर आपल्या घरातलीच होती.

२००८-०९ चं ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ आठवा. कार्तिकी, प्रथमेश, मुग्धा, रोहित आणि आर्या. मी तेव्हा शाळेत होतो. कार्यक्रम लागला की आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांतून एकच आवाज यायचा. आवडत्या स्पर्धकासाठी आपण एसएमएस करायचो, आणि त्या एसएमएसचे पैसे आपणच भरायचो. आठ वर्षांनी त्याच समूहाच्या स्टुडिओने त्या मुलीला नायिका म्हणून समोर आणलं. म्हणजे प्रेक्षकांची तिच्याशी ओळख वाहिनीनेच करून दिली होती, ती आठवण वाहिनीच्याच कपाटात होती, आणि वेळ आल्यावर वाहिनीनेच ती बाहेर काढली. सिनेमाचं नाव वाचताना निम्म्या महाराष्ट्राच्या मनात तन्वी नव्हती, लिटिल चॅम्प आर्या होती. ती सध्या काय करते? तर ती सिनेमात आलीय. याहून नेमकं कास्टिंग मला आठवत नाही.

वेळही साधली होती. ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ ला आला, ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ ला. वर्षाचा पहिला आठवडा हा झी समूहाच्या मोठ्या मराठी सिनेमाचा, हे गणित बसलेलं होतं. त्यात नोटाबंदीला जेमतेम दोन महिने झालेले, खिशात रोकड नाही. पण जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं होतं आणि डेटा मार्चअखेरपर्यंत फुकट होता. आमच्या होस्टेलवर पहिल्यांदाच कुणी ‘नेट संपेल’ म्हणून व्हिडिओ बंद करत नव्हतं. ट्रेलर, गाणी, फॉरवर्ड, सगळं अखंड वाहत होतं.

आणि त्या वाहत्या पाण्यात हे नाव पडलं. हे नाव नव्हतंच, रिकामी जागा होती. प्रत्येकाने त्यात आपलं काहीतरी भरलं. कुणी दहावीची आठवण लिहिली, कुणी दोन हजारच्या नोटेवर विनोद केला, कुणी गंभीर होऊन चार परिच्छेद लिहिले. २००९ मध्ये आपण पैसे देऊन वाहिनीचं काम केलं होतं. २०१७ मध्ये ते फुकट केलं आणि वर त्याला ‘व्यक्त होणं’ म्हटलं. आज मी याच धंद्यात आहे, त्यामुळे कौतुकाने सांगतो: असा प्रतिसाद कितीही बजेट दिलं तरी विकत मिळत नाही.

पण त्या वाक्याचं व्याकरण बघा. ‘तू सध्या काय करतेस?’ असं ते नाही. ‘तू’ म्हणायचं तर नंबर शोधावा लागतो, मेसेज पाठवावा लागतो, दोन निळ्या टिका बघत बसावं लागतं. उत्तर येईल किंवा येणार नाही. ‘ती’ म्हणायला फक्त एक ग्रुप लागतो. हा प्रश्न तिला विचारलेलाच नाही, तिच्याबद्दल मित्रांना विचारलेला आहे. तिचं उत्तर नकोच आहे.

आमच्या वर्गाच्या ग्रुपवर त्या आठवड्यात कुणीतरी एका मुलीचं खरं नाव त्या वाक्यात घातलं. दुसऱ्याने तिचा जुना फोटो जोडला. मी हसण्याच्या तीन इमोजी टाकल्या आणि तो मेसेज दुसऱ्या ग्रुपवर ढकलला. ती त्याच ग्रुपमध्ये होती. रात्री ‘लेफ्ट’ अशी करडी ओळ दिसली. त्यावरही कुणीतरी तेच वाक्य लिहिलं. मी पुन्हा हसलो.

त्या मेसेजचा दोष सिनेमाच्या माथी मारणं सोपं आहे, पण खोटं ठरेल. तो आम्ही केला. तरी सिनेमा आणि जाहिरात या मुद्द्यावर एकमेकांशी प्रामाणिक होते, हे नोंदवायला हवं. कथा अनुरागच्या आठवणीतून चालते. तरुण तन्वी आपल्याला दिसते ती त्याला आठवते तशी. आर्या सहज वावरते, नवखेपणाचं दडपण जाणवू देत नाही. पण भूमिकेत तिला करायला आहे ते मुख्यतः आठवण बनून राहणं. ‘हृदयात वाजे समथिंग’मध्ये विधित पाटणकरबरोबर तिचा आवाज आहे, तरी तिथे वाजतंय ते त्याच्या हृदयात. आधी ‘कान’ म्हणून तिला ओळखणाऱ्या प्रेक्षकाला जाहिरातीने ‘डोळा’ बनवलं. जिची सगळी ओळख आवाजाची, तिच्या पहिल्या सिनेमाच्या नावात तिच्याबद्दल बोलणारा आवाज दुसऱ्याचा आहे. मला हे सिनेमातलं सगळ्यात मोठं राहून गेलेलं वाटतं. मोठी तन्वी समोर येते तेव्हा आता ती सांगेल असं वाटतं, पण तोवर आपण दीड तास अनुरागच्या बाजूने बसलेलो असतो.

खऱ्या आर्याने उत्तर केव्हाच देऊन टाकलंय. ती गातेय. २०२१ मध्ये तर ते पाचही जण लिटिल चॅम्प्सच्या परीक्षकांच्या खुर्च्यांत बसले. तिच्याबाबतीत प्रश्न सोपाच होता, कारण ती काय करते ते ऐकू येतं.

आमच्या कार्डच्या फीचरवर मी एक कमेंट टाकली आहे: ज्याचं नाव लिहिलं जाईल त्याला आधी विचारायचं का? प्रॉडक्टवाल्याचं म्हणणं, एक पायरी वाढली की शेअर कमी होतील. त्याचं बरोबर आहे, होतीलच. २०१७ मध्ये ती पायरी असती तर आमच्या ग्रुपवरचा तो मेसेज गेलाच नसता. मी हे कमेंटमध्ये लिहिलं नाही. फक्त कोड अजून मर्ज केलेला नाही.