‘आवश्यक नसलेली’ : जर्मन कायद्यातले एक वाक्य

सुंतेच्या वादात निकाल बहुतेकदा शब्दच लावून टाकतात. विरोधक ‘अंगच्छेद’ म्हणतात, समर्थक ‘जराशी कातडी’. आफ्रिकेतल्या चाचण्यांवरून आलेले ‘एचआयव्हीपासून ६० टक्के संरक्षण’ तर सर्रास फेकले जाते. केनियातल्या किसुमूच्या चाचणीत दोन वर्षांत लागण झाली ती सुंता न केलेल्या शंभरांत सुमारे चौघांना आणि केलेल्या शंभरांत दोघांना. शिवाय ते सगळे स्वतः होकार दिलेले तरुण होते. हाच आकडा तान्ह्या मुलाच्या पाळण्यापाशी आणला, की तो होकार गळून पडतो.

म्हणून जर्मन नागरी संहितेतले कलम १६३१ डी मी पुन्हापुन्हा वाचतो. मे २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाच्या सुंतेला शारीरिक इजा ठरवले, डॉक्टरला मात्र निर्दोष सोडले. ज्यू आणि मुस्लिम समाज हादरले. डिसेंबरात संसदेने हे कलम मंजूर केले.

कलम परवानगी देण्यासाठीच लिहिलेले. तरी ज्याला परवानगी द्यायची, त्याला ते पहिल्याच वाक्यात ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नसलेली’ म्हणते. स्वच्छता किंवा प्रतिबंध यांची ढाल पुढे करता आली असती, पण ती केलेली नाही. त्याच वाक्यात मूलही आहे: समजण्याची आणि ठरवण्याची क्षमता नसलेले. ‘पालकांची निवड’ या लाडक्या शब्दप्रयोगातून नेमके तेच नाहीसे होते. सुंतेसाठीच्या मूळ जर्मन शब्दात कापणेही उघड आहे. झुडपे छाटायलाही तोच शब्द. आपली ‘सुंता’ आली ‘सुन्नत’वरून, म्हणजे रीत, तिच्यात सुरी दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र कलम नजर चुकवते. पहिल्या परिच्छेदात धर्माचे नावच नाही. मुलाचे हित धोक्यात येते का, हे पाहताना सुंतेचा ‘हेतू’ विचारात घ्यावा, एवढेच. दुसऱ्या परिच्छेदात, जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत धार्मिक समुदायाने नेमलेल्या प्रशिक्षित व्यक्तीलाही मुभा मिळते, आणि झाकलेला हेतू उघडा पडतो. तो पहिल्यातच यायला हवा होता.

या कलमाने दिलेली मुभा मला पटत नाही. वाक्य मात्र प्रामाणिक आहे: जे कापले जाणार त्याची वैद्यकीय गरज नाही, हे मुभा देणाऱ्यानेच लिहून ठेवले आहे.