राजधानीचे दूरदर्शन आणि दिल्लीचे केंद्र

दर वर्षी सप्टेंबरची 15 तारीख आली की दूरदर्शनचा वाढदिवस साजरा होतो आणि तोच इतिहास ठरावीक शब्दांत पुन्हा सांगितला जातो. 1959 साली दिल्लीत प्रारंभ, 1982 साली रंगांचे आगमन, त्यानंतर मालिकांचे सुवर्णयुग आणि शेवटी खाजगी वाहिन्यांचे आक्रमण. या कथनात चुकीचे असे काही नाही. आमची तक्रार निराळी आहे. हा इतिहास एका देशव्यापी जाळ्याचा आहे. ज्या केंद्रापासून ते जाळे विणण्यास आरंभ झाला, त्या दिल्ली केंद्राचा तो नव्हे. मुंबई केंद्राचे नाव काढताच मराठी माणसास ‘गजरा’ आठवतो, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ आठवते. दिल्ली केंद्राचे नाव काढले तर ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ आठवतो, आणि तो तर साऱ्या देशाचा. मग दिल्लीचे असे काय होते?

होते, आणि ते मोलाचे होते, असे आमचे मत आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्या सेवेचे उद्घाटन झाले ती संसद मार्गावरील आकाशवाणी भवनात, कामचलाऊ स्टुडिओत थाटलेली होती. ट्रान्समीटर लहान, युनेस्कोचे 20,000 डॉलरांचे साह्य, आणि कार्यक्रम आठवड्यातून दोनच दिवस. मराठी वाचकास येथे एका गोष्टीचे स्मरण करून द्यावयास हवे. पु. ल. देशपांडे हे 1955 साली आकाशवाणीच्या सेवेत आले, पुढे बी. बी. सी.कडे शिक्षणासाठी गेले, आणि दिल्लीतील या नव्या माध्यमाच्या आरंभीच्या निर्मात्यांत त्यांची गणना होते. दूरचित्रवाणीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेणारे म्हणून त्यांचे नाव आपण अभिमानाने सांगतो. ‘अपूर्वाई’ वाचून आपण पोटभर हसलो. परंतु ज्या शिक्षणासाठी विलायतेचा तो प्रवास घडला, त्याचे दिल्लीत पुढे काय झाले, हे विचारण्याचे आपल्यापैकी फारच थोड्यांस सुचले. आपले रसिकत्व पुष्कळदा असे प्रवासवर्णनापाशीच थांबते.

आरंभीचे संच घरोघरी नव्हते. दिल्लीतील निरनिराळ्या वस्त्यांतून ‘टेलिक्लब’ स्थापन झाले होते. तेथे लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम पाहावयाचा, नंतर त्यावर चर्चा करावयाची आणि आपले मत केंद्राकडे पाठवावयाचे, अशी योजना होती. 1960-61 मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने नागरिकांसाठी एक सामाजिक शिक्षणाची कार्यक्रममाला झाली. रहदारीचे नियम, अन्नातील भेसळ, सार्वजनिक आरोग्य असे तिचे विषय होते. विषय रुक्ष खरे, आणि शिकविण्याचा सूर थोडा वरून खाली बोलल्यासारखा असावा, अशी आम्हांस शंका येते. सरकारी माणूस नागरिकास समजावू लागला म्हणजे तो सूर लागतोच; आम्ही स्वतः सरकारी माणसे असल्यामुळे तो ओळखू शकतो! तथापि, पाहणाऱ्याने उत्तर द्यावे आणि ते उत्तर कोणी तरी वाचावे, ही अपेक्षा त्या योजनेच्या गाभ्यात होती. पुढील साठ वर्षांत प्रेक्षकसंख्या लक्षांवरून कोटींवर गेली. पण ही अपेक्षा तशी पुन्हा दिसली नाही.

1961 साली फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने दिल्लीच्या शाळांसाठी धडे सुरू झाले. प्रयोगशाळा अपुऱ्या, चांगले शिक्षक थोडे. अशा शाळेतील मुलास पडद्यावर प्रयोग दिसू लागला. 15 ऑगस्ट 1965 पासून कार्यक्रम रोज होऊ लागले व बातम्याही आल्या. 26 जानेवारी 1967 रोजी ‘कृषिदर्शन’ आरंभले, ते दिल्लीभोवतीच्या 80 गावांकरिता. अणुशक्ती विभाग, पुशाची कृषिसंशोधन संस्था आणि आकाशवाणी अशी तिघांची त्यात हातमिळवणी होती व मागे डॉ. विक्रम साराभाईंची दृष्टी होती. नजफगढकडच्या शेतकऱ्यास त्याच्याच मातीविषयी, त्याच्याच हंगामात सांगणे, हे स्थानिक केंद्राचे काम याहून नेमके कसे दाखवावे?

यानंतर जे घडले त्यास आम्ही बढती म्हणावे की बदली, याचा निर्णय वाचकांनी करावा. 1972 साली मुंबई, मग श्रीनगर, अमृतसर, कलकत्ता, मद्रास, लखनौ अशी केंद्रे निघाली. 1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून विभक्त झाले. 15 ऑगस्ट 1982 रोजी उपग्रहाच्या द्वारे दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंग आला. मुंबई-कलकत्त्याच्या मंडळींनी तेव्हा आक्षेप घेतला की आमची रात्रीची वेळ दिल्लीने घेतली. आक्षेप रास्त होता. परंतु दिल्लीचीही वेळ गेलीच होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. इतरांच्या घरी रात्रीपुरता पाहुणा आला. दिल्लीच्या घराचे अतिथिगृहच झाले.

यावर उपाय म्हणून की काय, 17 सप्टेंबर 1984 रोजी दिल्लीस दुसरी वाहिनी मिळाली. ती शहरापुरती होती. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास येथेही तशाच वाहिन्या निघाल्या. 26 जानेवारी 1993 रोजी या चारही उपग्रहाने जोडून त्यांचे ‘मेट्रो’ झाले, आणि 3 नोव्हेंबर 2003 रोजी त्याच्या जागी अखिल भारतीय वृत्तवाहिनी आली. म्हणजे या शहरास दोन वेळा स्वतःची वाहिनी लाभली आणि दोन्ही वेळा ती जाळ्यात विलीन झाली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. कार्यालयात एखादी उपयुक्त खोली रिकामी दिसली की वरिष्ठ शाखेची कपाटे तेथे येऊन बसतात, तसाच हा प्रकार.

पी. सी. जोशी यांच्या समितीने दूरदर्शनला भारतीय व्यक्तिमत्त्व असावे असे आग्रहाने मांडले होते. त्या अहवालाचा आम्ही आदर करतो. दिल्लीची दृष्टी देशावर लादली जाते, हे त्याने स्पष्ट सांगितले. परंतु ‘दिल्लीची दृष्टी’ हा शब्दप्रयोगच आम्हांस खटकतो. ती मंत्रालयांची दृष्टी होती. सदर बाजारचा हमाल, शाहदऱ्याचा कारागीर, करोलबागेतला बदलीवर आलेला लिपिक यांना ती दृष्टी होती, असे कोण म्हणेल?

पुढे प्रादेशिक वाहिन्या निघाल्या त्या भाषेच्या पायावर. मुंबईस सह्याद्री, कलकत्त्यास बांगला, मद्रासेस पोदिगै. दिल्लीची भाषा हिंदी, आणि हिंदी तर जाळ्याचीच. म्हणून तिला वेगळे काही द्यावे असे वाटण्याचे कारण उरले नाही. आपल्यासारख्यांची सोय मात्र झाली. सह्याद्रीमुळे रामकृष्णपुरमच्या सरकारी घरात बसून आपण नाशिकच्या पावसाची वार्ता ऐकतो. ती ऐकावीच. पण जुलै 2023 मध्ये यमुनेची पातळी 208.66 मीटरवर गेली, 1978 चा 207.49 मीटरचा विक्रम मोडला, तेव्हा लाल किल्ल्याशी आलेले पाणी साऱ्या देशाने पडद्यावर पाहिले; वजिराबाद, चंद्रावल व ओखला येथील जलशुद्धीकरण बंद पडल्यावर आपल्या वसाहतीत टँकर किती वाजता येणार, हे आम्हांस शेजारच्या बाईंच्या भ्रमणध्वनीवरून कळले. नाशिकचा पाऊस ठाऊक असलेला आणि आपल्या गल्लीतील नळ ठाऊक नसलेला हा जो दिल्लीकर मराठी माणूस, तो घडविण्यात या केंद्राच्या इतिहासाचाही वाटा आहे. तीस वर्षे एका शहरात राहून निवृत्तीच्या दिवशीही आपण ‘बदलीवर’च असतो, यात दोष सर्वस्वी आपला नाही.

जुन्या कार्यक्रमांपैकी फार थोडे शिल्लक आहे. पहिल्या वर्षांत बरेचसे थेटच होत असे, आणि पुढे ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. मुंबई केंद्राचे काही जुने भाग आज पाहावयास मिळतात. 1960-61 मध्ये त्या टेलिक्लबांत बसलेल्या दिल्लीकरांस भेसळीविषयी व रहदारीविषयी काय वाटले, हे जाणावयाचे झाल्यास मात्र युनेस्कोचा अहवालच उघडावा लागतो.