कॅनर यांच्या निबंधातील भाषाविचार

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यामुळे स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. वैद्यकाच्या अंगाने या निबंधाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु त्याचा मोठा आधार मुलांच्या बोलण्याच्या नोंदी हा आहे. आणि भाषेविषयीचा त्यातील निष्कर्ष या नोंदींशीच जुळत नाही.

अकरांपैकी आठ मुले बोलू लागली होती. या आठांपैकी एकाच्याही भाषेने कित्येक वर्षे दुसऱ्यास अर्थ कळविण्याचे कार्य केले नाही, असे कॅनर म्हणतात. मात्र त्यांनीच नोंदविलेली उदाहरणे पाहावीत. एका मुलास वडिलांनी ‘होय’ म्हटल्यास खांद्यावर घेण्याचे आमिष दाखविले. पुढे तो शब्द त्याच्या लेखी खांद्यावर बसण्याच्या इच्छेचाच वाचक झाला. दुसरा मुलगा काही फेकण्याचा मोह झाला, की कुत्रा सज्जातून न फेकण्याविषयीचे एक वाक्य उच्चारी. खेळण्यातील कुत्र्यासंबंधी त्याच्या आईने पूर्वी केलेली ती मनाई होती. दोन्ही ठिकाणी अर्थ आहे, प्रसंगाशी संबंधही आहे. उणीव आहे ती श्रोत्यास पूर्वप्रसंग ठाऊक नसण्याची. तेव्हा निरर्थकता उक्तीत नसून श्रोत्याच्या अज्ञानात आहे, असेच म्हणावे लागते. १९४६ च्या लेखात कॅनर स्वतःच या भूमिकेजवळ आले. अशा उक्तींचा उगम सापडताच त्या रूपकात्मक ठरतात, हे त्यांनी तेथे दाखविले. निरीक्षकाचा हा प्रामाणिकपणा गौरवास्पद आहे.

सर्वनामांच्या उलटापालटीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ही मुले स्वतःस ‘तू’ म्हणतात, याचे कॅनर यांनी दिलेले कारण साधे होते: ऐकलेले सर्वनाम प्रसंगानुसार न बदलता जसेच्या तसे पुन्हा उच्चारले जाते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात मात्र त्यात ‘स्व’चा नकार पाहिला आणि त्याचे मूळ मातापित्यांच्या वागणुकीत शोधले. पालकांच्या थंडपणाचा उल्लेख करून कॅनर यांनीही या आरोपास वाट करून दिली होती, हे विसरता येत नाही. एका व्याकरणिक घटनेच्या अशा वाचनाचा भार कित्येक मातांना वाहावा लागला. १९७४ साली बार्टाक व रटर यांनी सर्वनामांची पुनरुक्ती वाक्यातील स्थानावर अवलंबून असते, ‘मी’ मुद्दाम टाळला जात नाही, असे दाखवून दिले.

मराठीच्या रचनेकडे पाहिल्यास बेटलहाइम यांच्या मताचे एकदेशीत्व अधिक स्पष्ट होते. ‘बाहेर जातो’ असे म्हणणारा मराठी मुलगा ‘मी’ गाळतो, म्हणून त्याने स्वत्व नाकारले असे कोणी म्हणणार नाही. उलट ‘बाहेर जातोस’ असे तो स्वतःविषयी म्हणाला, तर त्यात सर्वनाम नसूनही उलटापालट आहे. आईचे ‘येते’ हे रूप मुलाच्या तोंडी तसेच आले, तर लिंगप्रत्ययावरून उक्ती कोणाची हेही उमगेल. ‘तुला दूध हवे’ या रचनेत मात्र क्रियापदावर पुरुषाची खूण नसते. तेथे सर्वनामच पाहावे लागते. केवळ सर्वनामे मोजणारी, इंग्रजीवरून बेतलेली कसोटी मराठी मुलास लावणे म्हणूनच सदोष होय.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. पुनरुक्ती निरर्थक मानली, की शिक्षक ती बंद पाडण्यास प्रवृत्त होतो, आणि मुलाजवळची एकमेव वाट बुजते. प्रिझंट व डकन यांनी १९८१ साली चार मुलांच्या तात्काळ पुनरुक्तीत सात निरनिराळी प्रयोजने आढळल्याचे नोंदविले. प्रत्येक पुनरुक्तीत अर्थ असतोच असे नव्हे. परंतु तो नाही हे ठरविण्यापूर्वी तिचा उगम घरच्यांकडून विचारून घेणे, हे विशेष शिक्षकाचे आणि भाषाभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. कॅनर यांच्या नोंदींचे चिरंतन मूल्य याच विचारपुशीत आहे. त्यांच्या निष्कर्षापेक्षा त्यांच्या नोंदी अधिक शहाण्या आहेत.