क्राफ्टव्हेर्क

जर्मनीतील एक प्रभावशाली इलेक्ट्रॉनिक संगीतवृंद. राल्फ ह्यूटर (१९४६– ) व फ्लोरिआन श्नायडर (१९४७–२०२०) यांनी तो १९७० मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे स्थापन केला. ‘क्राफ्टव्हेर्क’ या जर्मन शब्दाचा अर्थ वीजनिर्मिती केंद्र असा होतो. नाझी राजवट व महायुद्ध यांमुळे या पिढीच्या वाट्याला खंडित सांस्कृतिक परंपरा आली होती. लोकप्रिय संगीतावर अमेरिकन व इंग्लिश रॉकचे वर्चस्व होते. जवळच कोलोन येथील नभोवाणी केंद्रात कार्लहाइन्त्स स्टॉकहाउझेन (१९२८–२००७) प्रभृतींनी इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग केले होते. पण ते मर्यादित श्रोतृवर्गापुरते राहिले. ही साधने सामान्य श्रोत्यापर्यंत नेणे व औद्योगिक जर्मनीचे स्वतःचे लोकप्रिय संगीत निर्माण करणे, हे या वृंदाचे मुख्य कार्य होय.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत बासरी, ऑर्गन व तालवाद्ये आढळतात. निश्चित शैली दिसते ती आउटोबान (१९७४) पासून. तीमधील सु. २२ मिनिटांची शीर्षकरचना म्हणजे महामार्गावरील मोटारप्रवासाचे ध्वनिचित्र असून तिच्या संक्षिप्त आवृत्तीस १९७५ मध्ये अमेरिकेतही लोकप्रियता लाभली. व्होल्फगांग फ्ल्यूर व कार्ल बार्टोस हे तालवादक सामील झाल्यानंतर रेडिओ-ॲक्टिव्हिटी (१९७५), ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस (१९७७), द मॅन-मशीन (१९७८) व कॉम्प्युटर वर्ल्ड (१९८१) या प्रमुख ध्वनिमुद्रिका निघाल्या. सिंथेसायझर, स्वरमालिका आपोआप पुनःपुन्हा वाजविणारे सीक्वेन्सर व मानवी आवाजास यंत्रध्वनीचे रूप देणारे व्होकोडर ही त्यांची साधने. मोजके स्वर, अखंड ठेका आणि अल्पाक्षरी गीते हे त्यांच्या रचनांचे विशेष होत. वादकांनी एकसारखा वेश करून आणि रंगमंचावर आपल्या जागी पुतळे व यंत्रमानव उभे करून व्यक्तिमत्त्वच पुसून टाकण्याचा प्रयत्न केला.

या संगीतावर भावशून्यतेचा व यंत्रपूजेचा आक्षेप घेण्यात आला. तो अंशतःच ग्राह्य आहे. कॉम्प्युटर वर्ल्डच्या शीर्षकगीतात पोलीस यंत्रणा व बँका यांच्या हाती एकवटणाऱ्या माहितीचा निर्देश आहे, तर ‘रेडिओ-ॲक्टिव्हिटी’ या मुळात तटस्थ असलेल्या गीताच्या १९९१ मधील नव्या ध्वनिमुद्रणात किरणोत्सर्गाला स्पष्ट विरोध नोंदविलेला आहे. शिवाय यांत्रिक ठेक्यावर तरंगणाऱ्या त्यांच्या स्वरावली साध्या, गेय व काहीशा विषण्ण आहेत. यंत्र व माणूस यांतील हा ताणच त्यांच्या उत्तम रचनांचे बळ ठरतो.

वृंदाचा प्रभाव सर्वाधिक फलदायी ठरला तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांच्या नृत्यसंगीतात. न्यूयॉर्कमधील आफ्रिका बंबाटा व सोल सॉनिक फोर्स यांनी ‘प्लॅनेट रॉक’ (१९८२) मध्ये ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ची स्वरावली व ‘नंबर्स’चा ताल यांवर आधारित नवी रचना सिद्ध केली. डेट्रॉइट या मोटार-उद्योगाच्या शहरात व्हान ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन साँडरसन यांनी घडविलेल्या ‘टेक्नो’ या प्रकारातही हा प्रभाव स्पष्ट आहे. जर्मन कारखानी प्रदेशातील लय दुसऱ्या कारखानी शहरात पोहोचली आणि तेथे तिला देहाची ऊब मिळाली. इंग्लंडमधील ह्यूमन लीग, डेपेश मोड इ. वृंदांनीही त्यांचे अनुकरण केले.

मात्र हा वारसा मुक्त असावा की नाही, याबद्दल वृंदाची भूमिका वादग्रस्त ठरली. निर्माता मोझेस पेलहाम याने १९९७ मधील एका गीतासाठी ‘मेटाल आउफ मेटाल’ (१९७७) या रचनेतील सु. दोन सेकंदांचा तालखंड घेऊन तो सलग आवर्तित केला. त्यावरून ह्यूटर व श्नायडर यांनी लावलेला दावा दोन दशकांहून अधिक काळ चालला. जर्मन संविधान न्यायालयाने २०१६ मध्ये कलास्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. तर युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये, ध्वनिखंड कितीही लहान असला, तरी तो ऐकताना ओळखू येत असल्यास निर्मात्याची अनुमती आवश्यक असल्याचे मत दिले. ध्वनिमुद्रणामागील श्रमांचे संरक्षण न्याय्यच आहे. तथापि ज्या वृंदाने संगीतातून ‘कर्ता’ वजा करू पाहिला, त्यानेच दोन सेकंदांवर कर्तृत्वाचा हक्क सांगावा, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही. ‘प्लॅनेट रॉक’सारख्या कृती अशा उचलीतूनच जन्मल्या आणि वृंदाची कीर्तीही त्यांनीच वाढविली.

इलेक्ट्रिक कॅफे (१९८६) नंतर नवनिर्मिती मंदावली. फ्ल्यूर, बार्टोस व २००८ मध्ये श्नायडर हेही वृंदातून बाहेर पडले. तूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स (२००३) वगळता पुढील कार्य प्रामुख्याने जुन्या रचनांच्या पुनःसंस्करणाचे आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१२ मध्ये आठ रात्री त्यांच्या आठ ध्वनिमुद्रिका सादर झाल्या. २०१४ मध्ये त्यांना ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार लाभला. हा सन्मान यथार्थ असला, तरी त्यांच्या संगीताचा खरा विकास संग्रहालयापेक्षा इतरांच्या नृत्यगृहांतच झाला, असे म्हणावे लागेल.